लाईट गेली, आली, आणि कॉम्प्युटर उठलाच नाही: एफएसटॅबमधली ओळ नीट कशी लिहायची

एप्रिलमधली सकाळ, लग्नसराई भरात. गंगाखेडच्या एका फोटो स्टुडिओतून फोन आला. "सर, कॉम्प्युटर चालू होईना गेलाय. नुसतं काळं दिसालंय, वर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहून आलंय." मी नांदेडला होतो. त्यांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं तेव्हा कळलं की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे पूर्ण चालू न होता दुरुस्तीच्या काळ्या स्क्रीनवर, जाऊन बसलंय. कारण मीच आठवड्याभरापूर्वी लिहून ठेवलेली एक ओळ. स्टुडिओची बाहेरची हार्ड डिस्क बूट होताना आपोआप जोडली जावी म्हणून ती ओळ टाकली होती. आदल्या दिवशी स्टुडिओच्या भाऊंनी ती डिस्क काढून मिक्सिंगसाठी परभणीला पाठवली. रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर उतरला, मशीन बंद पडलं. सकाळी चालू केलं तर ते नसलेली डिस्क शोधत बसलं आणि शेवटी हात वर केले. दुपारी बाराला लग्न, आणि कालच्या हळदीचे फोटो त्याच मशीनमध्ये.

आपल्याकडे मशीन कधी रीबूट होणार हे आपल्या हातात नसतं. एफएसटॅब, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची याची लिनक्समधली यादी, लिहिताना ही एक गोष्ट मनात धरली की बाकीचे बरेचसे निर्णय आपोआप होतात. जाणकार माणूस समोर नसताना, अर्धवट डिस्का जोडलेल्या असताना, रात्री अडीचला लाईट आल्यावर ते मशीन एकट्याने उठलं पाहिजे. हा लेख तेवढ्यासाठी आहे. मिंट, उबुंटू, डेबियन यांपैकी कोणतंही लिनक्स असलं तरी पद्धत तीच.

आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच लिहितोय. टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, आकडेही इंग्रजी. जिथे स्पेलिंगची गल्लत होते तिथे अक्षरं सुटी दिली आहेत.

आधी आत काय चालतं ते

लिनक्समध्ये सी, डी, ई असे ड्राइव्ह नसतात. एकच झाड असतं, त्याचं मूळ म्हणजे नुसता स्लॅश. दुसरी डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फोल्डरवर आणून टेकवायची, याला माउंट करणं म्हणतात. कोणती डिस्क कोणत्या फोल्डरवर, कशी टेकवायची याची यादी ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते (एफ-एस-टी-ए-बी). बूट होताना सिस्टमडी (मशीन उठताना सगळी कामं सुरू करणारा प्रोग्राम) ती फाइल वाचतं आणि प्रत्येक ओळीचं एकेक काम बनवतं. ओळीत दिलेली डिस्क दिसली नाही तर ते साधारण ९० सेकंद वाट पाहतं. एवढं करूनही ती आली नाही आणि ओळीत ती नसली तरी चालेल असं लिहिलेलं नसेल, तर पुढे जायचं नाकारतं. गंगाखेडला नेमकं हेच झालं. मशीन बिघडलेलं नव्हतं. मी लिहिलं तेच ते करत होतं.

पहिली पायरी: डिस्कची ओळख काढणं

टर्मिनल उघडा आणि लिहा:

एलएसबीएलके -एफ

(एल-एस-बी-एल-के, मग स्पेस, डॅश, एफ.) समोर तक्ता येतो. एसडीए, एसडीए१, एसडीबी१ अशी नावं, त्यापुढे फाइल सिस्टमचा (डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीचा) प्रकार, लेबल (आपण दिलेलं नाव), यूयूआयडी (ओळख क्रमांक), आणि डिस्क सध्या कुठे जोडली आहे ते. काहीही बदलण्याआधी या तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर मशीन उठलं नाही तर हाच फोटो कामाला येतो.

माझी गंगाखेडची पहिली चूक म्हणजे मी ओळीत एसडीबी१ हे नाव वापरलं होतं. हे नाव त्या डिस्कचं नाहीच. या बूटमध्ये ती कितव्या नंबरावर सापडली, एवढंच ते सांगतं. उद्या पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं की तीच डिस्क एसडीसी होऊ शकते आणि पेनड्राइव्ह एसडीबी. यूयूआयडी मात्र फॉरमॅट करताना फाइल सिस्टमवरच लिहिला जातो. डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, दुसऱ्या मशीनला लावा, तो बदलत नाही. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टमचा यूयूआयडी ३६ अक्षरांचा असतो, मधल्या चार डॅश धरून. फॅट किंवा एक्सफॅट पेनड्राइव्हचा आठ अक्षरांचा आणि मधे एक डॅश. एनटीएफएसचा १६ अक्षरांचा, डॅशशिवाय. लांबी लक्षात ठेवली तर कॉपी करताना एखादं अक्षर सुटलं की लगेच नजरेला येतं.

लेबलही चालतं, आणि काही ठिकाणी तेच बरं पडतं. एका स्टुडिओत चार डिस्का आहेत. महिन्याला एक भरते आणि दुसरी लागते. त्या सगळ्यांना एकच लेबल देऊन ओळ लेबलवर लिहिली तर कोणतीही लावा, ती त्याच फोल्डरवर येते. मात्र एका वेळी दोन लावायच्या नाहीत. ईएक्सटी४ ला १६ अक्षरांपर्यंत लेबल देता येतं (आज्ञा ई२लेबल). कायम बसवलेल्या डिस्कला मी यूयूआयडीच वापरतो.

इथे एक सापळा आहे. डिस्क जशीच्या तशी क्लोन केली की यूयूआयडीही क्लोन होतो. जुनी आणि नवी दोन्ही एकाच मशीनला लावल्या तर यातली कोणती जोडली जाईल याची खात्री देता येत नाही. क्लोननंतर जुनी काढून ठेवा. नाहीतर न जोडलेल्या अवस्थेत ट्यून२एफएस आज्ञेने तिचा यूयूआयडी बदलून घ्या.

दुसरी पायरी: मूळ फाइलची प्रत

सुडो सीपी /ईटीसी/एफएसटॅब /ईटीसी/एफएसटॅब.जुनी

(सुडो म्हणजे ही आज्ञा रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य प्रशासकाच्या, हक्काने चालव.) दहा सेकंदांचं काम आहे. "एकच तर ओळ टाकायची" म्हणून टाळू नका.

तिसरी पायरी: फोल्डर बनवा आणि त्याला कुलूप लावा

सुडो एमकेडीआयआर /डेटा

इथवर सगळेच सांगतात. पुढचं फारसं कुणी सांगत नाही, आणि त्याची किंमत मी एकदा पाहिली आहे. डिस्क जोडलेली नसताना /डेटा हे मुख्य डिस्कवरचं एक साधं रिकामं फोल्डर असतं. गंगाखेडच्या प्रकारानंतर मी ओळ सुधारली, मशीन डिस्कशिवायही उठू लागलं. पुढच्याच लग्नाला डिस्क लावायची राहिली आणि मुलांनी कार्ड कॉपी केली सरळ /डेटामध्ये. ६० जीबी मुख्य डिस्कवर गेले, ती काठोकाठ भरली, पासवर्ड टाकला की स्क्रीन पुन्हा लॉगिनवरच यायला लागली. वर आणखी एक गोंधळ. नंतर डिस्क लावली तर त्या फोल्डरमध्ये नवे फोटो दिसेनात. ते डिस्कच्या खाली झाकले गेले होते. लग्नघरच्यांचा जीव टांगणीला लागला होता. डिस्क उतरवल्यावर फोटो जसेच्या तसे सापडले.

म्हणून फोल्डर बनवल्यावर, डिस्क जोडण्याच्या आधी:

सुडो सीएचएटीटीआर +आय /डेटा

(सी-एच-ए-टी-टी-आर.) आता या रिकाम्या फोल्डरमध्ये रूटलाही काही लिहिता येत नाही. डिस्क त्यावर जोडली की मात्र सगळं नेहमीसारखं चालतं, कारण कुलूप खालच्या फोल्डरला आहे, डिस्कला नाही. डिस्क नसताना कॉपी करायला गेलं की लगेच एरर येते आणि माणूस विचारतो, "डिस्क लावायची राहिली का?" ही आज्ञा डिस्क जोडलेली असताना चुकूनही देऊ नका, नाहीतर कुलूप डिस्कच्या मुळाला लागेल.

चौथी पायरी: ओळ

सुडो नॅनो /ईटीसी/एफएसटॅब

फाइल उघडते. हॅशने सुरू होणाऱ्या ओळी टिपणं आहेत, त्या वाचल्या जात नाहीत. आधीच्या ओळींना हात न लावता शेवटी जा. आधी हॅश देऊन आपलं टिपण लिहा: कुणाची डिस्क, कधी टाकली. मग ओळ:

यूयूआयडी=तुमचा-क्रमांक /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१० ० २

यूयूआयडी ही चार अक्षरं कॅपिटल, बाकी सगळं लहान. ओळीत सहा खाने आहेत. एका खान्यातून दुसऱ्यात जाताना स्पेस किंवा टॅब, पण खान्याच्या आत स्पेस चालत नाही. चौथ्या खान्यात स्वल्पविरामानंतर सवयीने स्पेस दिला की ओळ मोडते, आणि नवशिक्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. फोल्डरच्या नावातच स्पेस असेल तर त्या जागी बॅकस्लॅश आणि ०४० लिहावं लागतं. त्यापेक्षा बिनस्पेसचं नाव ठेवा.

पहिला खाना कोणती डिस्क, दुसरा कुठे, तिसरा फाइल सिस्टमचा प्रकार. प्रकार तक्त्यात दिसला तोच लिहायचा, अंदाजाने नाही.

खरा विचार चौथ्या खान्यात करायचा. डिफॉल्ट्स म्हणजे नेहमीच्या सवयी: वाचता-लिहिता येणं, बूटला आपोआप जोडणं वगैरे. नोफेल (एन-ओ-एफ-ए-आय-एल) म्हणजे "डिस्क नसेल तर नसो, तू पुढे चाल." माझ्या मते ज्या डिस्कवर मुळं नाहीत, म्हणजे जिच्याशिवाय सिस्टम चालू शकते, अशा प्रत्येक डिस्कच्या ओळीत नोफेल हवंच. मग ती कॅबिनेटमध्ये स्क्रूने कसलेली का असेना. उन्हाळ्यात साटा केबल सैल होते, डिस्क मरते. त्या दिवशी मशीन निदान उठलं तर पाहिजे. शेवटचा लांबलचक पर्याय वाट पाहण्याची मुदत ९० वरून १० सेकंदांवर आणतो. जुनी, हळू फिरणारी बाहेरची डिस्क असेल तर ३० ठेवा, तिला जागं व्हायला वेळ लागतो.

नोएटाइम (फाइल कधी वाचली याची नोंद न करणं) लिहिल्याने मशीन पळायला लागतं असं बरेच जण सांगतात. २००९ मध्ये आलेल्या २.६.३० कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) रिलेटाइम, म्हणजे ती नोंद गरजेपुरतीच करणं, मुळातच चालू असतं, त्यामुळे साध्या वापरात फरक जाणवत नाही. टाकलं तर बिघडत नाही, एवढंच.

पाचवा खाना जुन्या डंप बॅकअपचा, तिथे शून्य. सहावा बूटच्या वेळी तपासणीचा: मुळाच्या डिस्कला १, बाकी ईएक्सटी४ ला २, आणि एनटीएफएस, एक्सएफएस, बीटीआरएफएस यांना ०. लाईट अचानक जाते त्या गावात ईएक्सटी४ च्या ओळीत इथे शून्य ठेवू नका. ईएक्सटी४ जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, ठेवतं, म्हणून बहुतेक वेळा तपासणी क्षणात आटोपते. पण खरोखर काही बिघडलं असेल तर ते जोडण्याआधी कळलेलं बरं.

कंट्रोल आणि ओ, एन्टर, मग कंट्रोल आणि एक्स.

पाचवी पायरी: रीबूट न करता तपासणं

सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड
सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय
सुडो माउंट -ए
फाइंडएमएनटी /डेटा

या चारही आज्ञा द्या, एकही गाळू नका. पहिलीने सिस्टमडी फाइल पुन्हा वाचतं. दुसरी प्रत्येक ओळ तपासून चूक असेल तर सांगते. तिसरी न जोडलेल्या सगळ्या डिस्का जोडते. चौथी खरंच जोडली का ते दाखवते.

चौथी का, हे नीट समजून घ्या. ओळीत नोफेल असेल आणि यूयूआयडीत एक अक्षर चुकलं असेल, तर माउंट -ए काहीच बोलत नाही. त्याच्या दृष्टीने ती डिस्क आज नाही आणि नसलेली चालते. तुम्हाला वाटतं झालं काम. फाइंडएमएनटीने एक ओळ दाखवली तरच डिस्क जोडली गेली आहे. काहीच न दाखवता कर्सर परत आला तर जोडली गेलेली नाही.

आधीच जोडलेल्या डिस्कचे पर्याय बदलले असतील तर माउंट -ए तिला हात लावत नाही. आधी सुडो यूमाउंट /डेटा (यू-एम-ओ-यू-एन-टी, पहिल्या यू नंतर एन नाही), मग पुन्हा माउंट -ए.

यानंतर दोनदा रीबूट करा, एकदा डिस्क लावून आणि एकदा काढून. दुसरा रीबूट मी गंगाखेडला केला असता तर तो फोन आलाच नसता. गिऱ्हाईक घाईत असलं तरी हे दोन रीबूट झाल्याशिवाय मी आता दुकानातून उठत नाही.

जोडली, पण लिहिता येईना

नव्या ईएक्सटी४ डिस्कचा मालक रूट असतो. डिस्क जोडलेली असताना सुडो सीएचओडब्ल्यूएन आज्ञेने मालकी रोजच्या वापरकर्त्याला द्या. ती डिस्कवरच नोंदली जाते, एकदाच करायचं.

विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर ही मालकी तशी चालत नाही. ती ओळीतच सांगायची: चौथ्या खान्यात यूआयडी=१०००,जीआयडी=१००० जोडा. हा यूआयडी वेगळा, एकाच यू चा, वापरकर्त्याचा क्रमांक. पहिल्या वापरकर्त्याचा सहसा १००० असतो. नक्की करायला टर्मिनलमध्ये आयडी लिहा. प्रकाराच्या खान्यात एनटीएफएस-३जी चालतं. ५.१५ पासूनच्या कर्नलमध्ये एनटीएफएस३ हा स्वतःचा ड्रायव्हरही आहे.

त्याच मशीनवर विंडोज असेल आणि डिस्क फक्त वाचता येत असेल, तर दोष एफएसटॅबचा नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन पूर्ण होत नाही, डिस्क अर्धवट वापरात असल्याची खूण तशीच राहते आणि लिनक्स तिच्यावर लिहायला नकार देतं. ते बरोबरच आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. जबरदस्तीने जोडायचा पर्याय सापडेल, तो वापरू नका. त्यात फायली जातात.

अभ्यासिकेतला प्रकार: नेटवर्कवरचं फोल्डर

लातूरला अभ्यासिका पुष्कळ आहेत. तिथली नेहमीची मागणी अशी: एका मशीनवर प्रश्नपत्रिका आणि नोट्स, बाकीच्या मशीनांवर ते फोल्डर आपोआप दिसावं. लाईट आली की सगळी मशीनं एकदम चालू होतात. मुख्य मशीन सगळ्यात जुनं, म्हणून सगळ्यात उशिरा उठतं. राउटरलाही वेळ लागतो. बाकीची मशीनं तोवर फोल्डर शोधून गप्प झालेली असतात, आणि मुलं दिवसभर "नोट्स दिसत नाहीत" म्हणतात.

इथे बूटला जोडूच नका. गरज पडेल तेव्हा जोडा. ओळ अशी (सीआयएफएस म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत):

//१९२.१६८.१.१०/नोट्स /नोट्स सीआयएफएस क्रेडेन्शियल्स=/रूट/.चावी,नोफेल,_नेटडेव्ह,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट ० ०

ऑटोमाउंट असलं की कुणीतरी /नोट्स उघडेल त्या क्षणी जोडणी होते. तोवर मुख्य मशीन उठलेलं असतं, आणि पहिला प्रयत्न फसला तरी थोड्या वेळाने पुन्हा उघडल्यावर जमतं. _नेटडेव्हच्या सुरुवातीचा अंडरस्कोअर विसरू नका. पासवर्ड थेट एफएसटॅबमध्ये लिहू नका, ती फाइल मशीनवरचा कुणीही वाचू शकतो. तो वेगळ्या फाइलमध्ये, दोन ओळींत: यूजरनेम= आणि पासवर्ड=. त्या फाइलला सुडो सीएचमॉड ६००. सीआयएफएस-युटिल्स हे पॅकेजही आधी टाकलेलं हवं.

स्वॅपचंही (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) एक आठवलं. पार्टिशन पुसून नव्याने मांडणी केली की जुन्या स्वॅपची ओळ एफएसटॅबमध्ये राहून जाते. मशीन चालतं, पण दर बूटला दीड मिनिट थांबतं आणि लोक "म्हातारं झालं मशीन" म्हणून नवं घ्यायला निघतात. त्या ओळीपुढे हॅश टाका.

मशीन उठलंच नाही तर

घाबरून फॉरमॅट करू नका. डेटा जागेवर आहे. काळ्या स्क्रीनवर इमर्जन्सी मोड लिहिलेलं असेल तर रूटचा पासवर्ड मागतो, किंवा उबुंटूच्या जातीत नुसतं एन्टर मारायला सांगतो. आत गेल्यावर:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /
नॅनो /ईटीसी/एफएसटॅब

आपण टाकलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅश, सेव्ह, मग रीबूट. कोणती ओळ अडली ते कळत नसेल तर जर्नलसीटीएल -एक्सबी मध्ये लाल अक्षरांत डिस्कचं नाव दिसतं.

डेबियनवर रूटचं खातं बंद असेल तर आतच घेत नाही. मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) बूट करा, मशीनची मुख्य डिस्क फाइल मॅनेजरमधून उघडा आणि तिच्या ईटीसी फोल्डरमधली फाइल सुडोने दुरुस्त करा. नुसतं /ईटीसी/एफएसटॅब उघडलं तर ती पेनड्राइव्हची स्वतःची फाइल असते. ती कितीही सुधारली तरी मशीन उठणार नाही.

गंगाखेडच्या भाऊंना हे सगळं मी फोनवर सांगितलं. "आता खालच्या बाणाने शेवटच्या ओळीवर या. होम दाबा. शिफ्ट धरून तीन दाबा. हॅश आला का?" "आला." "कंट्रोल धरून ओ. एन्टर. कंट्रोल धरून एक्स. आता रीबूट लिहा, आर-ई-बी-डबल ओ-टी." पंखा फिरल्याचा आवाज फोनवर ऐकू आला. मग बराच वेळ काही नाही. "आलं सर, डेस्कटॉप आलं. हळदीचे फोटो आहेत सगळे." तेव्हा साडेदहा वाजले होते.